बाहेरून कडी

रेकॉर्ड ऐकायला बसण्याचे नियम काकांनी एकट्यानंच केलेले होते. लोकशाही वगैरे दुकानाच्या बाहेर. रविवारी दुपारी तीनला दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं. सगळ्यांचे मोबाईल बंद होऊन बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात जायचे. कोणती रेकॉर्ड लागणार ते आधी कोणालाही सांगायचं नाही. ती खाकी कागदात गुंडाळलेली असायची आणि सुई टेकायच्या मिनिटभर आधी कागद सुटायचा. आणि सगळ्यात कडक नियम असा की दोन्ही बाजू संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही आणि कोणी उठायचं नाही. तहान लागो, पोटात कळ येवो, काही होवो. "एखाद्यानं दोन वर्षं रक्त आटवून अल्बम काढायचा आणि तुम्हाला चाळीस मिनिटं बूड टेकवून बसता येत नाही?" असं काका विचारायचे.

काका म्हणजे दुकानाचे मालक. वय बावन्न, म्हणजे काका म्हणण्याइतकं काही झालं नव्हतं, पण टक्कल लवकर पडलं आणि बिचाऱ्याचा काका झाला. दुकानामागच्या खोलीत हे सगळं चालायचं. एक खिडकी, ती समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडणारी. बाकी सगळीकडे रेकॉर्डची खोकी. मधोमध एक सोफा, त्यावर जो टोकाला बसायचा तो आत रुतायचा.

एवढ्या मोठ्या शहरात या नादाचे चारच वेडे उरले होते. मोठ्या कंपन्यांनी काढलेलं यांना चालायचं नाही. चार मुलं कुठल्यातरी गॅरेजमध्ये गिटार घेऊन बसली, उसन्या माईकवर अल्बम काढला आणि पाचशे प्रती विकल्या की यांचे कान टवकारायचे. एक काका. दुसऱ्या बाई, वाचनालयात ग्रंथपाल. गाण्याचे शब्द त्या पुस्तकासारखे वाचायच्या आणि चूक सापडली की नाक मुरडायच्या. तिसरा डेसिबल, नाट्यगृहात माईक-स्पीकर सांभाळणारा, सहा फूट उंच. आवाज असा की त्याला स्वतःला माईकची गरज नव्हती.

चौथा आपला साडेसहा. हा कवळ्या बनवायचा. एका दंतवैद्याच्या मागच्या खोलीत दिवसभर प्लास्टरचे साचे ओतायचे, मेण तापवायचं, गुलाबी हिरड्यांत एकेक दात बसवायचा. "लोकांच्या तोंडात बत्तीस दात घालतो आणि स्वतःचं तोंड उघडत नाही," असं डेसिबल म्हणायचा. नाव पडलं होतं ते गुणांमुळे. ऐकून झालं की प्रत्येकानं दहापैकी गुण द्यायचे, काका ते पाटीवर लिहायचे. डेसिबल एकतर नऊ द्यायचा नाहीतर दोन. बाई पावणेआठ, सव्वापाच, असं कारणासकट. आणि हा? साडेसहा. सहा वर्षं, जवळजवळ तीनशे रविवार, साडेसहा. ना तळ्यात ना मळ्यात. कोणाला दुखवायचं नाही आणि कोणाच्या बाजूनं उभंही राहायचं नाही. असल्या माणसाला चांगला माणूस म्हणायची लोकांना खोड असते.

त्या रविवारी मोबाईल डब्यात जायच्या आधीच जुंपली होती. 'उलटी छत्री' या बँडचा नवा अल्बम आला होता, रिकाम्या पोहण्याच्या तलावात उतरून रेकॉर्ड केलेला.

"नऊ!" डेसिबल ओरडला. "ड्रमचा आवाज त्या फरशांवर आपटून परत येतो ना, काटा येतो अंगावर!"

"आवाज परत येतो, शब्द येतात का?" बाई म्हणाल्या. "पहिल्या अल्बमात तो मुलगा माझ्याशी बोलत होता. आता नुसता घुमतोय."

"पहिला तो पहिलाच हो," काका म्हणाले. "माणसाकडे वीस वर्षांचं साठलेलं असतं ते सगळं पहिल्यात ओततो. दुसऱ्यासाठी मग हॉटेलच्या खोल्या आणि बसचे प्रवास उरतात."

"मला अजून एकच पहिला अल्बम लागतो," बाई म्हणाल्या. "एका मुलीनं एकटीनं स्वयंपाकघरात बसून केलेला. मागे फ्रीज घुरघुरतो तो."

"तो फ्रीज हा त्या अल्बममधला सगळ्यात चांगला वादक आहे," डेसिबल म्हणाला, आणि बाईंनी त्याच्या दंडावर चापट मारली. मग साडेसहाकडे वळून त्यांनी विचारलं, "आणि तुझं काय रे? सहा वर्षांत कधी सांगितलं नाहीस. एकच अल्बम ठेवायचा झाला तर कोणता ठेवशील?"

"सगळेच बरे आहेत," साडेसहा म्हणाला.

"झालं! घोडं पेंड खातं ते इथंच," डेसिबल म्हणाला.

खरं उत्तर साडेसहाच्या कामाच्या जागी, प्लास्टरच्या गोणीमागे, खणात होतं. 'मीठ कमी' नावाच्या बँडचे दोन अल्बम. गाणारी स्वतःला नुसतं 'धाकटी' म्हणवून घ्यायची. आडनाव नाही, गाव नाही, फोटोत कायम केस तोंडावर. काकांना ती फार आवडायची, बाईंनाही. ही धाकटी साडेसहाची सख्खी बहीण होती, आणि हे त्यानं या तिघांना सहा वर्षांत सांगितलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी जे झालं ते सांगितल्याशिवाय ते सांगता येत नव्हतं. आणि तेवढं सांगितलं असतं तर रविवार गेले असते. रविवार गेले असते तर त्याच्याजवळ आई आणि कवळ्या, एवढंच उरलं असतं. तसा तो मुळात या दुकानात आला होता तोच तिच्यामुळे. ज्या गाण्यांपायी ती घर सोडून गेली ती गाणी असतात तरी कशी, हे बघायला एकदा आला आणि गुंतला.

काकांनी दोरा सोडला, खाकी कागद उलगडला आणि मुखपृष्ठ वर धरलं.

"मीठ कमी! तिसरा अल्बम. परवाच आलाय. नाव आहे 'बाहेरून कडी'."

साडेसहाची पाचावर धारण बसली. हे नाव त्याला महिनाभर आधीच कळलं होतं. कळल्यापासून त्यानं तो अल्बम ऐकायचा नाही असंच ठरवलं होतं. ते त्याच्या एकट्याच्या खणात जमलं असतं. इथं कसं जमणार? तो सोफ्याच्या टोकाला बसला होता, म्हणजे रुतलेला. डाव्या हाताला खोक्यांची भिंत, उजवीकडे डेसिबल, आणि डेसिबलचे पाय पार समोरच्या टेबलापर्यंत.

"आणि गंमत पुढेच आहे," काका म्हणाले. लहान मुलासारखे खुलले होते. "मी तिला पत्र लिहिलं होतं. आपल्या चौघांबद्दल, रविवारबद्दल. उत्तर आलं! आज साडेचारला ती दुकानाच्या फोनवर फोन करणार आहे. ऐकून झालं की एकेकानं एकेक प्रश्न विचारायचा. चौघांनीही. साडेसहा, तू पण. सुटका नाही."

"काका, मला जरा..." साडेसहा म्हणाला.

"सुई टेकली," काका म्हणाले, आणि ओठांवर बोट ठेवलं.

उठायला काय लागतं? गुडघे सरळ करायचे, दोन पायांवर उभं राहायचं. कोणी त्याला दोरीनं बांधलं नव्हतं. पण हा माणूस आयुष्यात कधी सांगितल्याशिवाय उठलाच नव्हता, त्याला आज कसं जमावं?

आधी गिटार आली, मग ती. आवाज खाली उतरला होता, थोडा खरखरीत झाला होता, पण शब्द संपताना वर उचलायची सवय तीच. लहानपणी आईला हाक मारताना उचलायची तशी. पहिलं गाणं पिशवी भरण्याचं होतं. काय घ्यायचं, काय ठेवायचं. दोन कुडते, एक वही, तारांचं पाकीट. दुसऱ्यात वडील होते. आवाज न चढवता बोलणारे, कपड्यांना इस्त्री असणारे. तिसऱ्या गाण्यात दार लागलं.

नऊ वर्षांपूर्वी ती एकोणीस वर्षांची होती आणि तो सत्तावीसचा. तिच्या बँडला लांबच्या एका शहरात बोलावणं आलं होतं, आठ दिवस, आठ ठिकाणी वाजवायला. बस शुक्रवारी सकाळी निघणार होती. गुरुवारी वडील तिच्या खोलीशी गेले, दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली. ओरडले नाहीत, हात उगारला नाही. जेवणाच्या टेबलापाशी असलेली एक खुर्ची आणून त्यांनी दारासमोर ठेवली आणि याला म्हणाले, "तू इथं बस. मला कामावर जायचंय. तुझ्यावर माझा विश्वास आहे." आणि हा बसला! कुलूपसुद्धा नव्हतं हो. नुसती कडी. एका बोटानं निघाली असती.

तीन दिवस. वडील घरी असताना आई आत ताट द्यायची. वडील बाहेर गेले की खुर्चीवर हा. पहिल्या दिवशी ती विनवत होती, "दादा, अरे दादा, दोन मिनिटांचं काम आहे." शुक्रवारी सकाळी बस सुटायची वेळ झाली तेव्हा शिव्या दिल्या, त्याला माहीत नव्हतं तिला इतक्या येतात. त्यानंतर ती बोलायची थांबली आणि दारावर बोटांनी वाजवायला लागली. तासन् तास. रविवारी संध्याकाळी वडिलांनी स्वतः कडी काढली. ती बाहेर आली, पाणी प्यायली आणि सगळ्यांबरोबर जेवायला बसली. पुढचे अकरा महिने घरातच होती. परीक्षा दिली, पास झाली. दादाशी भांडली नाही, अबोला धरला नाही, "जेवलास का?" विचारायची, पाहुण्यांना विचारतात तसं. मग एका दुपारी वडिलांच्या देखत पिशवी घेऊन निघून गेली आणि कोणी अडवलं नाही. वडील जाऊन आता दोन वर्षं झाली. जाण्याआधी दवाखान्यात याचा हात धरून म्हणाले होते, "तू मात्र कधी शब्द मोडला नाहीस." ते ऐकून याला वाटलं होतं की आपल्याला पुन्हा कोणीतरी त्या खुर्चीवर बसवलं.

इकडे काकांच्या खोलीत चौथं गाणं सुरू झालं आणि ते वाजवणं आलं. बोटांची टोकं, मग पेरं, मग तळहात. डेसिबल डोळे मिटून मान हलवत होता. बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. गाण्याचं नाव होतं 'खुर्ची', आणि त्यात दाराबाहेर बसलेला भाऊ होता. तो चहा पितो ते आत ऐकू येतं. कप बशीवर ठेवतो, खोकतो, खुर्ची कुरकुरते. "माझा दादा फार चांगला आहे, कोणाला विचारा," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, अगदी गोड आवाजात. साडेसहाला घाम फुटला. त्यानं हाताची घडी घातली, सोडली, पुन्हा घातली.

काकांनी बाजू उलटली. त्या अर्ध्या मिनिटात कोणी त्याच्याकडे बघितलं असतं तर कळलं असतं. कोणी बघितलं नाही. नियमच तसा, डोळेसुद्धा मिटलेलेच बरे.

दुसऱ्या बाजूवर आतले दिवस होते. छतावरची पाल, नळाचं थेंब थेंब गळणं, बस आता कुठवर पोचली असेल याचा हिशोब. आणि मग आठवं, शेवटचं गाणं. त्यात बोटांचं वाजवणं चालू असतानाच मध्येच थांबतं. कडी सरकते. दार उघडतं. दारात दादा उभा असतो. काही बोलत नाही, नुसता बाजूला होतो, आणि ती त्याच्या काखेखालून पळत सुटते, आणि सगळी वाद्यं एकदम मोकळी सुटतात.

साडेसहा ताठ झाला. हे झालं नव्हतं. असं काही कधी झालंच नव्हतं!

सुई उचलली गेली. डेसिबल फुटला. "नऊ! साडेनऊ! ते तालवाद्य काय आहे? लाकडी खोकं आहे, मी सांगतो, प्लायवूडचं."

"दार आहे ते," बाई म्हणाल्या.

"दार असं वाजत नाही."

"बाहेरून वाजत नसेल. हे आतून आहे."

"आणि तो भाऊ!" डेसिबल म्हणाला. "खुर्चीवर बसून चहा पितो! असला भाऊ मला भेटला असता ना, त्याच खुर्चीला बांधून ठेवला असता आणि हे गाणं दिवसभर ऐकवलं असतं. असल्या माणसाबरोबर एका खोलीत बसवणार नाही मला."

"पण शेवटी उघडतो ना बिचारा," काका म्हणाले. "भाऊ आहे शेवटी."

"तोच तर घोटाळा आहे," बाई म्हणाल्या. त्या चिडल्या होत्या, आवडलेल्या पुस्तकाचं शेवटचं पान फसलं की चिडायच्या तशा. "सात गाणी मी त्या खोलीत बसले. एकही शब्द खोटा नाही. आणि आठव्यात हे महाशय येऊन कडी काढतात? कडी काढणारा असता तर पहिल्याच दिवशी काढली असती. शुक्रवारची बस गेल्यावर कशाला काढेल? शेवट खोटा आहे. सहा."

"सहा? बाई, तुम्हाला हृदय आहे का?"

"आहे, म्हणून तर सहा. ऐकणाऱ्याला बरं वाटावं म्हणून गोड केलेला शेवट मला नको."

काकांनी स्वतःचे आठ लिहिले आणि खडू हातात धरून वळले. "आणि आपले?"

"साडेसहा!" डेसिबल आणि बाई एका सुरात म्हणाले आणि हसले.

साडेसहा हसला नाही. "नंतर सांगतो," तो म्हणाला.

असं सहा वर्षांत झालं नव्हतं. काकांनी खडू खाली ठेवला. "बरं वाटत नाहीये का रे? घामानं भिजलायस."

"नाही, ठीक आहे."

काय करावं? बाई शेवटाला खोटं म्हणत होत्या आणि ते खरं होतं. नुसतं 'बाई बरोबर आहेत' म्हटलं तरी 'तुला काय माहीत' हा प्रश्न आलाच. काकांची बाजू घेतली तर न केलेल्या पुण्याचं श्रेय खिशात टाकल्यासारखं. त्यानं मनात ठरवलं ते एवढंच की फोनवर आवाज काढायचा नाही. ती आवाज ओळखेल. तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं, पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे. संपलं की घरी जायचं, आईला भेटायचं. आई अधूनमधून विचारायची, "तिचं काही कळलं का रे?" आणि हा म्हणायचा, नाही.

बरोबर साडेचारला फोन वाजला. काकांनी स्पीकरचं बटण दाबलं.

"हॅलो, मी धाकटी बोलतेय," ती म्हणाली आणि हसली. "चौघंही बसलेत ना? काकांच्या पत्रात नियम वाचले, मला तर घामच फुटला."

डेसिबलनं पहिला प्रश्न घेतला, तालवाद्याचा. ती म्हणाली, "दारच आहे हो. स्टुडिओत कुठलं? भंगारातून आणलं. आमच्या घरच्यासारखं जड, जुनं दार शोधायला चार महिने गेले. तिघांनी मिळून उचललं."

बाईंनी डेसिबलकडे नुसतं बघितलं. मग फोनकडे झुकून म्हणाल्या, "मी ग्रंथपाल. तुमचा अल्बम मला फार लागला, म्हणूनच विचारते. शेवटचं गाणं मला पटलं नाही. तो भाऊ कडी काढत नाही. बरोबर ना?"

काकांनी कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "आमचा ड्रमरपण हेच म्हणतो. ते गाणं मी सहा वेळा लिहिलं. पाच वेळा तो बसूनच राहिला."

"मग सहाव्यांदा?"

"सहाव्यांदा मला बाहेर यायचं होतं."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "पण खरं काय झालं?"

"खरं? उघडलं त्यानं," ती भराभर म्हणाली. "दादानंच उघडलं. चांगला आहे माझा दादा. त्याला कशाला कोणी नावं ठेवावीत."

साडेसहाला हा आवाज ठाऊक होता. लहानपणी याच्या हातून काही फुटलं, सांडलं, हरवलं की ती वडिलांसमोर उभी राहून याच आवाजात म्हणायची, "मी फोडलं, दादानं नाही." आठ वर्षांनी मोठ्या भावाला पाठीशी घालायची, चार फुटांची पोर. आणि आजही तेच. नऊ वर्षांनी, अनोळखी माणसांसमोर, तो ऐकतोय हे माहीत नसताना! त्याला वाटलं होतं ती आपला तिरस्कार करत असेल, आणि ते त्यानं कसंबसं पचवलं होतं. हे मात्र त्याला पचेना.

"वा, बरं वाटलं ऐकून," काका म्हणाले. "आता आमचे चौथे सभासद. ते कवळ्या बनवतात आणि कधी बोलत नाहीत, पण आज..."

साडेसहानं मान हलवली. नाही, नाही.

"बरं, ते लाजतायत. मग माझाच शेवटचा प्रश्न घेतो..."

"मी उघडलं नाही," साडेसहा म्हणाला.

काका थांबले. डेसिबल वळून त्याच्याकडे बघायला लागला.

"मी उघडलं नाही," तो पुन्हा म्हणाला, आता मोठ्यानं. "बाई बरोबर आहेत. तो चहा पिणारा मी. तीन दिवस बसलो होतो. बाबांनी काढली कडी, रविवारी. मी नाही काढली. असं खोटं नको सांगूस माझ्यासाठी."

"दादा?" ती म्हणाली.

"हो."

"मला काय सांगतोस तू?" तिचा आवाज फाटला. "आत मी होते."

खोलीत कोणी हललं नाही. नियम आता संपले होते, पण कोणी हललं नाही. साडेसहाच्या तोंडून शब्द एकदम बाहेर पडले, तुंबलेला नळ सुटावा तसे. "मला काढायची होती. तुला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही. शुक्रवारी पहाटे बाबा आंघोळीला गेले होते तेव्हा मी कडीला हात लावला होता. अर्धी सरकवली होती. मग न्हाणीघराचा दरवाजा वाजला आणि मी परत लावली. आणि नंतर दुपारी एकदा. तेव्हा तर घरात कोणीच नव्हतं. तेव्हाही परत लावली. का लावली मला सांगता येत नाही. पण मी दोनदा हात लावला होता, एवढं तरी तुला..."

"ऐकलं होतं मी."

"काय?"

"जुनी कडी होती, दादा. हात लागला तरी वाजायची. दोन्ही वेळा ऐकलं." ती थांबली. "दोन्ही वेळा मी पिशवी खांद्याला लावून, चप्पल घालून दाराशी उभी राहिले होते."

बाईंनी तोंडावर हात धरला. साडेसहा फोनकडे बघत होता.

"दुपारी तर मी संध्याकाळपर्यंत तशीच उभी होते," ती म्हणाली. "मला वाटलं, आता काढेल. आता काढेल."

काका उठले. त्यांनी डेसिबलच्या खांद्याला हात लावला, बाईंना खूण केली, आणि तिघंही काही न बोलता बाहेर दुकानात गेले. साडेसहा सोफ्यातून उठला, फोनपाशी गेला आणि रिसीव्हर उचलून कानाला लावला. ती रडत होती. त्यानं फोन ठेवला नाही.